फातिमेचा शोध : कागद काय सांगतात?

(औसा येथे वाचक-कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



औशात येऊन कोणी इतिहासावर बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा असते, किल्ल्यापासून आरंभ होईल. ती अपेक्षा रास्तच आहे. फरिश्त्याने आपल्या तवारिखेत लिहून ठेवले आहे की, मलिक अंबर आणि राजू दख्खनी यांनी निजामशाहीचा मुलूख आपसांत वाटून घेतला तेव्हा नामधारी मुर्तुजा निजामशहाकडे उदरनिर्वाहासाठी औशाचा किल्ला आणि भोवतालची काही गावे तेवढी ठेवली. पुढे 1636 साली मोगलांनी उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले. 1760 च्या उदगीरच्या मोहिमेच्या संदर्भातही औशाचे नाव येते. म्हणजे सुलतान, सरदार, किल्लेदार यांची नावे या गावापुरती तरी शाबूत आहेत. त्याच किल्ल्याचा खंदक ज्यांनी खणला त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. दप्तर हे मुळात वसुलीसाठी असते. ज्याच्याकडून काही घ्यावयाचे अथवा ज्याला काही द्यावयाचे त्याचीच त्यात नोंद होते, बाकीची माणसे दप्तराच्या बाहेरच जगतात आणि बाहेरच मरतात.

आज ज्या बाईविषयी मी बोलणार आहे ती अशीच दप्तराबाहेरची आहे. तिचे नाव फातिमा. फातिमा शेख या नावाने ती आज सर्वांना ठाऊक आहे. 2022 च्या 9 जानेवारीस गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र लावले आणि तिची एकशे एक्क्याण्णवावी जयंती जाहीर केली. बरोबर तीन वर्षांनी, 2025 च्या त्याच तारखेस, दिलीप मंडल या दिल्लीच्या पत्रकारांनी उलट जाहीर केले की हे पात्र आपणच रचले, अशी कोणी बाई झालीच नाही. एका बाजूने जयंती, दुसऱ्या बाजूने सरळ नास्तित्व! आठवडाभर दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आले. या गदारोळात मूळ कागद उघडून पाहणारे मात्र मोजकेच निघाले. आपल्या चळवळीतील मंडळींनीसुद्धा आधी घोषणा लिहिल्या, पुस्तक मागाहून शोधले. हे मला अधिक लागले.

म्हणून प्रथम पुस्तकाकडे जाऊ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' प्रसिद्ध केले. संपादक डॉ. मा. गो. माळी. त्यात सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले 10 ऑक्टोबर 1856 चे, दुसरे 29 ऑगस्ट 1868 चे आणि तिसरे 20 एप्रिल 1877 चे, दुष्काळातले. पहिले पत्र लिहिले तेव्हा सावित्रीबाई आजारातून उठण्यासाठी माहेरी राहिल्या होत्या. महारा-मांगांसाठी काम करता म्हणून भावाने कशी निर्भर्त्सना केली आणि त्याला आपण काय उत्तर दिले, हा त्या पत्राचा गाभा आहे. त्याच पत्रात ओघाओघात एक उल्लेख येतो. आपल्या गैरहजेरीमुळे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढेच. त्यापुढे पत्र दुसऱ्या विषयाकडे वळते.

आता या एका उल्लेखातून काय निघते ते शांतपणे पाहावे. पहिली गोष्ट अशी की, 1988 साली छापलेल्या सरकारी ग्रंथात जे नाव आहे ते विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर कोणी रचले, हा दावा पहिल्याच पायरीवर कोसळतो. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही, ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ वाचता आले म्हणजे पुरते. दुसरी गोष्ट, सावित्रीबाई घरी नसताना ज्या कामाचा भार वाढतो त्या कामात ही बाई आहे. तिची ओळख करून देण्याची पत्रलेखिकेला गरज वाटत नाही, नुसते नाव पुरे होते. ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही असे माणूस घरातले तरी असते, नाहीतर रोजच्या कामातले. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सावित्रीबाई तिच्याविषयी खात्रीने बोलतात. ती कुरकुर करणार नाही, हे वर्षानुवर्षे बरोबर राबलेल्या माणसाविषयीच लिहिता येते.

आणि त्या उल्लेखातून काय निघत नाही? तिचे आडनाव शेख होते, हे निघत नाही. उस्मान शेख हा तिचा भाऊ आणि त्याने जोतिराव-सावित्रीबाईंना घरातून बाहेर पडल्यावर आसरा दिला, ही हकीकत आपण सारे सांगतो, ती या पत्रात नाही. ती मिस फॅरारबाईंकडे शिकली, हे त्यात नाही. ती हिंदुस्थानातील पहिली मुसलमान शिक्षिका होती, हेही नाही. जन्मतारखेचे तर विचारूच नका. सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, आणि फातिमेचा म्हणे 9 जानेवारी 1831 चा! साल तेच, महिना तोच, अंतर सहा दिवसांचे. आपल्या मराठवाड्यात निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना ती तारीख सोयीची पडली. त्या तारखेवर जसा कोणी इतिहास रचत नाही, तसाच या तारखेवरही रचू नये. दोन स्त्रिया आणि दोन मुली असलेले ते प्रसिद्ध छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यातील दुसरी स्त्री फातिमा, ही ओळख परंपरेने चालत आलेली आहे. परंपरेला मान द्यावा, पण तिला पुराव्याच्या रांगेत पुढे बसवू नये.

माझे हे बोलणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. आपले म्हणणारेच असे बोलू लागले तर विरोधकांना आयतेच हत्यार मिळेल, असे एक कार्यकर्ते मला म्हणाले. मला नेमके उलटे वाटते. हत्यार त्यांना मिळाले ते आपण जन्मतारीख सांगितली म्हणून. कागदावर जेवढे होते तेवढ्यावर आपण उभे राहिलो असतो तर कोणाला धक्का देता आला नसता. 1856 सालच्या पुण्यात, शूद्रातिशूद्र मुलींच्या शिक्षणाच्या कामात, फातिमा नावाची एक बाई सावित्रीबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, हे वाक्य काय लहान आहे? त्यावर कल्हई करण्याची गरज का पडावी?

पुढचा आक्षेप जरा वजनदार आहे. अशी बाई होती तर त्या काळच्या शाळांच्या अहवालांत, वर्तमानपत्रांत तिचे नाव ठळकपणे का येत नाही, असे विचारले जाते. हा प्रश्न टाळू नये. जोतिरावांच्या शाळांविषयी त्या काळी बरेच छापून आले. 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, 17 सप्टेंबर 1851 रोजी रास्ता पेठेत आणि 15 मार्च 1852 रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. 'बॉम्बे गार्डियन', 'पूना ऑब्झर्व्हर' या इंग्रजी पत्रांनी त्यांची दखल घेतली. 'ज्ञानोदया'ने 1853 साली खुद्द जोतिरावांचे निवेदन छापले. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिरावांचा सत्कार केला. दक्षिणा फंडातून दरमहा 75 रुपयांची मदत मंजूर झाली. इतका कागद असताना हे नाव का दिसत नाही?

याचे एक उत्तर त्या पैशातच आहे. सरकारी मदत आली की हिशेब आला, हिशेब आला की पगारपत्रक आले आणि पगारपत्रकावर सही करणाऱ्याचे नाव इतिहासात आले. सावित्रीबाई वेतन न घेता शिकवीत. त्यांचे नाव टिकले ते अहवालकर्त्याने या निःस्पृहतेचे कौतुक मुद्दाम केले म्हणून. जिचे कौतुक करावयाचे कोणाला सुचले नाही अशी दुसरी बिनपगारी बाई तेथे असती तर तिचे नाव कोठे उमटले असते? बिनमोल श्रमाची नोंद होत नाही, हे आपण समाजवादी मंडळी घरकाम करणाऱ्या स्त्रीविषयी, शेतात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोविषयी उठता-बसता सांगतो. मग तोच नियम शाळेत शिकवणाऱ्या बाईला लावताना का विसरावा? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाई शेतात राबलीच नाही, असे म्हणणारा पटवारी आपण ऐकून घेऊ काय?

पण येथेही सावध राहावे. नोंद का नसेल याचे कारण सांगता येणे म्हणजे बाई असल्याचा पुरावा नव्हे. पुरावा त्या पत्राचाच, कारण फक्त मौनाचे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे मग वाटेल त्याला वाटेल ते सिद्ध करता येते.

अशा शोधाला यश येते काय, असे तरुण मंडळी विचारतात. येते. मुक्ता साळवेचे उदाहरण घ्या. मांग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी, जोतिरावांच्या शाळेत शिकणारी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'च्या 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 च्या अंकांत दोन भागांत छापून आला. मिशनऱ्यांच्या नियतकालिकाचे ते जुने अंक जपले गेले नसते तर मुक्ता आज कोठे असती? तिच्या घराण्याने तिला जपले नाही, जपण्याइतकी सवडच त्या घराण्याला कोणी दिली नव्हती. दोन अंकांच्या मोजक्या पानांवर ती टिकून आहे.

ताराबाई शिंद्यांची गोष्ट याहून निराळी. बुलढाण्याच्या या बाईने 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापले. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून 'पुणे वैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीला जी दूषणे दिली, त्यांचा तिने घेतलेला तो समाचार होता. म्हणजे वर्तमानपत्रातून जन्मलेले पुस्तक. पुढे तेही विस्मृतीत गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्याकडे अशी एक बाई होऊन गेली. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली! तिला ओळखणारा तिच्या काळचा एकच मोठा माणूस होता. 'सत्सार'मध्ये जोतिरावांनी तिची बाजू घेतली होती. जोतिरावांचे वाङ्मय नीट वाचणाऱ्याला ताराबाईंचा पत्ता त्यातच मिळत होता. हरवलेल्या माणसाचा माग बहुधा दुसऱ्या कोणाच्या लिखाणातल्या एखाद्या ओळीत असतो, आणि ती ओळ वाचली जाते पण थांबून वाचली जात नाही.

तेव्हा फातिमेसाठी कोठे पाहावे? जोतिरावांचा मुसलमान शेजार कल्पित नाही. पोराला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना सांगणाऱ्यांत लिजिट साहेबांबरोबर गफार बेग मुन्शी होते, हे त्यांच्या चरित्रात येतेच. फातिमेला शोधावयाचे तर त्या पेठेतल्या त्या शेजारातच शोधले पाहिजे. काझींच्या दप्तरातील निकाहाच्या नोंदी, मशिदी-दर्ग्यांच्या इनामांचे कागद, घरखरेदीची खते हे सारे आपल्या फुले-अभ्यासकांनी फारसे हाताळलेले नाही. कारण सरळ आहे. आमच्या अभ्यासकाला मराठी येते, इंग्रजी येते, क्वचित मोडी येते, पण उर्दू-फारसी येत नाही. ज्याला उर्दू-फारसी येते त्याला कोणी फुल्यांच्या अभ्यासाला बोलावले नाही. दोन दप्तरे दोन कपाटांत राहिली आणि माणूस मधल्या भिंतीत चिणला गेला. दुसरा माग मिशनऱ्यांचा. सिंथिया फॅरार 1827 साली अमेरिकेहून आली आणि अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवून 1862 साली तेथेच वारली. तिच्या मंडळाचे कागद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनचे कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिसरा माग मुंबईच्या सरकारी अभिलेखागारातल्या शिक्षण खात्याच्या खंडांचा.

आणि शोधताना 'फातिमा शेख' हे आजचे नाव घेऊन बसू नये. इंग्रज कारकून ते नाव चार तऱ्हांनी लिहील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोलण्यात ती फातमा असेल, फातमाबी असेल, कदाचित नुसती मुन्शीची मुलगी असेल. तारखांचा घोटाळा तर पुण्यापेक्षा आपल्याकडे अधिक आहे. निजामी अंमलात कारभार फसली सनाने चाले, धर्मकार्य हिजरी सनाने आणि बाजारहाट शकाने. 17 सप्टेंबर 1948 हा आपल्या मुक्तीचा दिवस. त्या दिवशी फसली सन 1357 होता आणि हिजरी 1367. कागदावरचा फसली 1357 कोणी हिजरी समजून वाचला तर मुक्तिसंग्राम 1938 सालातच संपून जाईल! असे लेख मी छापून आलेले पाहिले आहेत. असो.

पुण्याच्या बाईची ही कथा औशात कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण आपल्या घरांतच आहे. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा होईपर्यंत आपण उस्मानाबादेत होतो, आणि 1948 पर्यंत आपले सरकारदरबारचे लिखाण उर्दूत होते. शाळा, कचेरी, मुन्सफी, पोलीस पाटलाचे पंचनामे, सारे त्या लिपीत. त्या पिढीतला देशमुखाचा मुलगाही उर्दूत शिकला आणि मोडीत घरचा हिशेब लिहीत गेला. मराठी, मोडी आणि उर्दू या तिन्ही लिप्या वाचणारी माणसे महाराष्ट्रात कोठे मुबलक होती तर ती मराठवाड्यात. पुण्याजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ होते. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या मागे राहिल्या त्या लाकडी पेट्या, आणि त्या पेट्यांतले कागद आपण 'उर्दूतले काहीतरी' म्हणून बाजूला टाकतो.

याच संदर्भात एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पोलीस कारवाईनंतर या टापूत काय घडले ते पाहण्यासाठी 1948 च्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती फिरून गेली. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून नोंदवले. रझाकारांचे अत्याचार आपण विसरलो नाही, विसरूही नयेत. कासिम रझवी लातुरात वकिली करीत होता, हे आपल्याला कोणी आठवून द्यावयास नको. पण जे नंतर घडले त्याचा हा सरकारनेच मागवलेला अहवाल अनेक दशके सार्वजनिक झाला नाही. कागद होता, पण नव्हता. ज्यांची माणसे गेली त्यांना पुराव्यासाठी विचारले असते तर त्यांनी काय दाखवले असते? आणि रातोरात घर सोडून जाणाऱ्याने आजीचा निकाहनामा बरोबर घेतला असेल काय? म्हणून एखाद्या मुसलमान बाईचा कागद दाखवा, नाहीतर ती नव्हतीच, असे कोणी बोलतो तेव्हा औशाच्या माणसाला त्यातली ग्यानबाची मेख इतरांपेक्षा आधी कळली पाहिजे.

माझे मागणे मोठे नाही. या गावात आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या वेष्टनात तर मुळीच गरम करून बंद करू नयेत. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पाठीमागे बहुधा कोणाचा तरी शेरा असतो आणि माणूस नेमका त्या शेऱ्यात सापडतो. कोणत्या घराण्याकडे, कोणत्या पेटीत कागद होता हे लिहून ठेवावे. कागदाची जागा गेली की त्याची अर्धी किंमत गेली. इनामाच्या वादाची भीती वाटत असेल त्यांनी मूळ कागद घरीच ठेवावा, आम्हांला जमीन नको, नावे हवी आहेत. विशेषतः बायकांची नावे. दाई, शाळेतल्या बाई, कुराण शिकवणाऱ्या उस्तानी, पोथी वाचणाऱ्या विधवा आत्या, ज्यांच्याविषयी घरात नुसती एक आठवण उरली आहे, त्यांच्याविषयी जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे, पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे, आणि दोहोंमध्ये रेघ मारावी.

मोडीचा वर्ग काढावयाचा असे आपले ठरते आहे, असे अध्यक्षांनी प्रास्ताविकात सांगितले. त्याच खोलीत, त्याच दिवशी, दुसऱ्या तासाला उर्दू लिपीचा वर्ग ठेवावा एवढी सूचना करतो. शिकवणारे गावातच भेटतील. मराठी शाळेतल्या मुली पहिल्या तासाला येतील, उर्दू शाळेतल्या दुसऱ्या तासाला येतील, आणि महिन्याभरात त्या एकमेकींच्या तासाला बसू लागल्या तर कोणी त्यांना उठवू नये.